अजाण सामर्थ्य : अराले, बहिणाबाई आणि भोळेपणाची कोटी

१

सामर्थ्य आणि भोळेपणा यांची सांगड कथनपरंपरेला नवी नाही. उगवत्या सूर्याला फळ समजून त्याच्याकडे झेपावणारा बाल मारुती आणि पुढे स्वतःच्या बळाचा विसर पडलेला, जांबवंताने आठवण करून दिल्यावरच समुद्र उल्लंघणारा मारुती ही या सांगडीची सर्वपरिचित उदाहरणे होत. प्राण यांच्या 'चाचा चौधरी' या चित्रकथामालेतील गुरू ग्रहावरून आलेला साबू हे तिचे अलीकडचे रूप आहे. साबूचे शरीर अजस्र, पण त्या शरीराचा वापर केव्हा करायचा हे चाचांची बुद्धी ठरवते. या सर्व ठिकाणी बळ आहे. बळाची जाणीव मात्र एक तर नाही, नाही तर ती दुसऱ्याच्या स्वाधीन आहे. अशी पात्रे वाचकाला प्रिय होतात याचे कारण उघड आहे. ज्याला आपले बळ ठाऊक नाही, त्याचे भय वाटत नाही.

हे पात्र जेव्हा स्त्रीचे असते, तेव्हा मात्र हा हिशेब इतका सरळ राहत नाही. तेथे अजाणता हा त्या पात्राचा स्वभावगुण आहे, की त्याच्या सामर्थ्याला मान्यता मिळण्याची ती पूर्वअट आहे, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी अकिरा तोरियामा यांच्या 'डॉ. स्लम्प' या विनोदी मांगामधील अराले ही यंत्रकन्या विशेष उपयुक्त आहे. तिच्यापासून निघालेली विचाराची वाट खान्देशात येते तेव्हा तिचे खरे गांभीर्य लक्षात येते. जपानी चित्रकथा आणि खान्देशातील वाङ्मयव्यवहार यांत प्रभावाचा कोणताही संबंध नाही, आणि तसा तो सुचवायचाही नाही. ही तुलना दोन संहितांची नसून 'भोळेपणा' या एका कोटीची आहे. एका ठिकाणी ती कथनाची युक्ती म्हणून वावरते, तर दुसऱ्या ठिकाणी समीक्षेचा निकष म्हणून.

२

'डॉ. स्लम्प' ही मांगा 'शोनेन जंप' या साप्ताहिकात १९८० ते १९८४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे अठरा खंड निघाले. १९८१ साली तिला शोगाकुकान प्रकाशनसंस्थेचा मांगा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तिच्यावरील चलच्चित्रमालिका दूरदर्शनवर सुरू झाली. कथेचे स्थळ पेंग्विन गाव नावाचे एक खेडे आहे. तेथे प्राणी बोलतात, सूर्यचंद्राला चेहरे आहेत आणि खुद्द लेखकही अधूनमधून चौकटीत डोकावून जातो. या गावातील सेंबेइ नोरिमाकी हा एकटा राहणारा, काहीसा लंपट आणि धांदरट संशोधक एक परिपूर्ण यंत्रमानव घडवायला घेतो. त्यातून निर्माण होते ती दिसायला तेरा वर्षांची मुलगी, अराले. परिपूर्णतेचा पहिलाच डाव फसतो, कारण मुलीची दृष्टी अधू निघते आणि तिला चष्मा लावावा लागतो. ती माणूस नाही हे लपवण्यासाठी सेंबेइ तिला आपली धाकटी बहीण म्हणून शाळेत घालतो. नावेही गमतीची आहेत. सेंबेइ आणि अराले ही दोन्ही तांदळाच्या कुरकुरीत खाद्यपदार्थांची नावे, तर नोरिमाकी म्हणजे समुद्रशैवालात गुंडाळलेले. पापड आणि कुरडई अशी भावाबहिणीची नावे ठेवावीत, तसा हा प्रकार.

अरालेचे बळ अमर्याद आहे. दोन्ही हात विमानाच्या पंखांसारखे पसरून ती धावत सुटते आणि वाटेतली पोलिसांची गाडी चुरून टाकते. जमिनीवर एक ठोसा मारते आणि पृथ्वी दुभंगते. आपले डोके काढून हातात धरणे तिला सहज जमते. पण या बळामागे कोणताही हेतू नाही. कुणी बलवान दिसला की तिला त्याच्याशी कुस्तीचा खेळ खेळावासा वाटतो, आणि आकाश फाडण्याइतकीच तन्मयता ती रस्त्यावरची विष्ठा काडीने ढोसण्यात दाखवते. तिच्यापाशी महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांची उतरंडच नाही.

आँरी बर्गसाँ यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात, सजीवावर यांत्रिकता चढली की हसू येते, असा सिद्धान्त मांडला. तोरियामांच्या कथेत हा सिद्धान्त उलटा चालतो. अराले मुळातच यंत्र आहे, आणि हसू येते ते तिच्यावर चढलेल्या सजीवपणाचे. गावातील माणसेच ठरावीक चाकोरीत वागतात. पोलीस पाठलाग करतात, गुंड दरडावतात, संशोधक बढाया मारतो. यंत्र मात्र कोणत्याच चाकोरीत बसत नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत असे म्हणता येईल की, येथे वीराचे आलंबन आहे, पराक्रमाचे अनुभाव आहेत, परंतु वीराचा स्थायीभाव जो उत्साह, त्याला विषयच नाही. भरताच्या मांडणीत वीरातून अद्भुत उद्भवतो. येथे तो अद्भुतापाशी थांबत नाही, तर थेट हास्यात जिरून जातो. वीरकथेचा पाया असा आतून पोखरला जातो. ज्याला जिंकायचे नाही, त्याच्या विजयाची गाथा कशी रचणार?

या अर्थाने अरालेचा भोळेपणा हे वीरगाथेवरील एक मार्मिक भाष्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बळ म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्य म्हणजे शत्रूचा निःपात, हे समीकरण ती नकळत मोडते. तिला जग वाचवायचे नाही आणि म्हणूनच तिच्यावर जगाचे ओझेही नाही.

३

पण हे वाचन एवढ्यावर थांबले तर अपुरे राहील. कथेच्या रचनेकडे पाहिल्यास भोळेपणाचे वाटप सारखे झालेले नाही असे दिसते. पहिली गोष्ट शीर्षकाची. तोरियामांच्या मूळ कल्पनेत नायक संशोधकच होता. संपादक काझुहिको तोरिशिमा यांच्या आग्रहामुळे मुलगी केंद्रस्थानी आली. तरी कथेचे नाव संशोधकाच्या टोपणनावावरच राहिले. जिच्याभोवती सारी कथा फिरते, तिचे नाव मांगाच्या मुखपृष्ठावरील शीर्षकात नाही. निर्मितीवरील मालकी निर्मात्याची, असाच हा संकेत आहे.

दुसरी गोष्ट ओबोच्चामान या यंत्रकुमाराची. दुष्ट शास्त्रज्ञ माशिरितो (संपादक तोरिशिमा यांच्या नावातील अक्षरे उलटी करून केलेले हे नाव) अरालेच्याच धर्तीवर, तिच्या नाशासाठी हा यंत्रकुमार घडवतो. बळाने तो तिच्या तोडीचा आहे. परंतु तो अदबीने बोलतो, योग्य-अयोग्याचा विचार करतो, आपल्या निर्मात्याच्या हेतूपासून दूर होतो आणि अरालेच्या प्रेमात पडतो. म्हणजे यंत्रालाही अंतःकरण देता येते. कथेने ते मुलाला दिले आहे. अराले त्याच्याकडे केवळ खेळगडी म्हणून पाहते.

तिसरी आणि सर्वांत बोलकी गोष्ट तोरियामांच्या पुढच्या कृतीत सापडते. १९८४ साली सुरू होऊन १९९५ साली संपलेल्या 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू हाही आरंभी अरालेसारखाच आहे. तो रानात वाढलेला, अचाट बळाचा आणि व्यवहारशून्य आहे. मुलगा आणि मुलगी यांतला फरकही त्याला कळत नाही. पण गोकू वाढतो. तो गुरू करतो, पराभव पाहतो, लग्न करतो, बाप होतो आणि आपल्या बळाचे मूळ जाणून घेतो. त्याचा भोळेपणा हा प्रवासाचा आरंभबिंदू आहे. याच कथेत एका प्रसंगी गोकू पेंग्विन गावात पोचतो, आणि गोकूला जेरीस आणणाऱ्या जनरल ब्लूला अराले खेळता खेळता उडवून लावते. म्हणजे तेथेही ती अधिक बलवान आहे. पण ती होती तशीच आहे. मुलाच्या भोळेपणाला इतिहास मिळाला, तर मुलीच्या भोळेपणाला चिरंतनत्व. हे चिरंतनत्व गौरवाचे वाटले तरी त्याचा अर्थ एवढाच होतो की, तिने कधीही स्वतःला ओळखायचे नाही.

शिलरने १७९५-९६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात निरागस आणि भावविचारी अशा दोन काव्यवृत्तींचा भेद केला. त्यातील एक निरीक्षण येथे कळीचे ठरते. निरागसाला आपण निरागस आहोत हे ठाऊक नसते. निरागसता ओळखतो तो, ज्याने ती गमावलेली असते. म्हणजे भोळेपणा ही पाहणाऱ्याने दिलेली पदवी आहे. अरालेला ती देणारे दोघे आहेत : तिला घडवणारा सेंबेइ आणि तिला वाचणारा वाचक. दोघेही तिच्या बळाने सुखावतात, कारण ते बळ त्यांच्याकडे कधीच जाब मागणार नाही.

४

पेंग्विन गावात सुप्पामान नावाचे एक पात्र आहे. ते सुपरमॅनचे उघड विडंबन आहे. हा बुटका, जाडगेला वीर खारवलेला आंबट उमेबोशी खाऊन रूप पालटतो आणि चाकांच्या फळीवर पालथा पडून 'उडतो'. बळ त्याच्यापाशी नाही आणि हे त्याला पक्के माहीत आहे. त्याची सारी धडपड ते झाकण्याची आहे. अरालेच्या शेजारी त्याला उभे केल्यावर कथेतील वाटप स्पष्ट होते. बलवान मुलीला आत्मभान नाही आणि दुबळ्या पुरुषाला ते पुरेपूर आहे.

सुपरमॅनला खेड्यात उतरवण्याचा हाच उद्योग खान्देशच्या वेशीवरही झाला आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत ते खान्देशात मोडत होते. धुळ्याशी त्याचे दळणवळण मुंबई-आग्रा रस्त्याने आजही अखंड आहे. या यंत्रमागांच्या शहरात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० च्या सुमारास 'शोले'चे मालेगावी विडंबन केले आणि पुढे सुपरमॅनला हात घातला. त्या निर्मितीची कथा सांगणारा फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ सालचा. या सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख हे यंत्रमागावर काम करणारे, देहाने अगदी काटकुळे गृहस्थ होते. माहितीपट भारतात २०१२ साली चित्रपटगृहांत आला, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे कर्करोगाने निधन झाले होते. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या चित्रपटाने २०२५ साली ही कथा पुन्हा सर्वांसमोर आणली.

मालेगावच्या सुपरमॅनचा विनोद सुप्पामानहून सखोल आहे, कारण त्यातील दुबळेपणा खोटा नाही. पेंग्विन गावात दुभंगलेली पृथ्वी पुढच्या भागात पुन्हा अखंड होते. मालेगावात मात्र यंत्रमागाची धूळ नायकाच्या देहावर खरोखरच साचलेली असते. हिरव्या कापडासमोर आडवा होऊन उडण्याचा अभिनय करणारा कामगार आपल्या अवस्थेवर स्वतःच हसतो आणि प्रेक्षकालाही हसवतो. हे हसणे जाणतेपणाचे आहे आणि म्हणूनच ते प्रतिष्ठेचे आहे. पण याच निर्मितीव्यवहारात एक रिकामी जागाही आहे. गावातील स्त्रिया पडद्यावर येत नाहीत, म्हणून नायिका बाहेरून आणावी लागते. आपल्या दुबळेपणावर हसण्याचा अधिकार पुरुषाने मिळवला. स्त्रीला तेथे ना बळाची भूमिका मिळाली, ना हसण्याची. खान्देशाच्या या विनोदात अराले नाही. तिची जागा शोधायची तर ती विनोदाबाहेर, कवितेच्या समीक्षेत शोधावी लागते.

५

जळगावजवळच्या आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले. अरालेला कायमचे ज्या वयात थांबवले आहे, त्या वयात खान्देशातील ही मुलगी सासरच्या शेतीत आणि घरकामात रुजू झाली होती. ऐन तिशीत वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे शेतात, जात्यावर, चुलीपुढे स्फुरलेली त्यांची गाणी तोंडीच राहिली. सोपानदेव आणि आप्तांनी त्यांतील काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाल्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि अत्र्यांच्या पुढाकाराने, त्यांच्या प्रस्तावनेसह, १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. मराठी कवितेच्या इतिहासातील हा थोर क्षण होता, याविषयी दुमत नाही.

प्रश्न आहे तो त्यानंतर रूढ झालेल्या आस्वादाच्या भाषेचा. बहिणाबाईंविषयी लिहिताना 'निरक्षर असूनही' हे शब्द जवळजवळ अपरिहार्य झाले. पाठ्यपुस्तकांत, सभासंमेलनांत, गौरवग्रंथांत त्यांच्या कवितेचे वर्णन झऱ्यासारखी, मातीतून उगवलेली, सहज अशा विशेषणांनी होत राहिले. या विशेषणांमागे प्रेम आहे, आदर आहे. परंतु त्यांची व्याकरणिक रचना पाहिली, तर प्रत्येकातून कर्ता नाहीसा झालेला दिसतो. झरा वाहतो, माती उगवते. कवयित्री काही करीत नाही. त्यांचे बौद्धिक सामर्थ्य मान्य झाले, पण ते त्यांना ठाऊक नव्हते या अटीवर. अरालेच्या ठोशाने पृथ्वी दुभंगते आणि वाचक हसतो, कारण तिला काही कळत नाही. बहिणाबाईंच्या एका ओळीने संसाराचे मर्म उघडे पडते आणि समीक्षक थक्क होतो, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. दोन्ही ठिकाणी सामर्थ्यापेक्षा अजाणतेचेच कौतुक अधिक आहे.

संहिता मात्र याच्या नेमके विरुद्ध साक्ष देते. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता ही मूलतः कारागिरीविषयीची कविता आहे. पाखराजवळचे एकमेव साधन असलेली चोच, तिने विणलेले घर, आणि दोन हात-दहा बोटे असूनही तसे काही न करणारा माणूस, अशी तिची मांडणी आहे. साधन आणि निर्मिती यांच्या नात्याचा एवढा काटेकोर विचार करणारी व्यक्ती आपल्या स्वतःच्या निर्मितीबाबत अजाण होती, असे मानण्यास आधार नाही. कोणत्या वस्तूला कोणते नाव द्यायचे नाही, हे एकामागून एक ठरवत जाणारी त्यांची रचना तर नाम आणि गुण यांच्या संबंधाची तर्कशुद्ध चिकित्सा आहे. जी वस्तू आपले कार्य करीत नाही ती आपल्या नावाला पात्र नाही, हे त्या रचनेचे सूत्र आहे. शब्दाला असे प्रमाण लावणारी कवयित्री भोळी कशी? अक्षर ठाऊक नसणे आणि कला ठाऊक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिखित परंपरेत वाढलेल्या समीक्षेने त्या एकच मानल्या.

बोलीच्या प्रश्नातही हीच गफलत झाली. त्यांची लेवा गणबोली ही प्रमाण मराठीच्या वाचकाला निरागस वाटते. पण बोली निरागस नसते. ती बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती पूर्ण भाषाच असते, आणि तीत उपरोध, कावा, तर्क, शिवी असे सारे काही असते. शिलरने म्हटल्याप्रमाणे, निरागसता दिसते ती दूर गेलेल्या डोळ्यांना. पुढे देशीवादाने बोलीला आणि भूमीला समीक्षेच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे मोठे कार्य. परंतु त्या भूमिकेतही व्यक्तीचे कर्तृत्व भूमीच्या खात्यावर जमा होण्याचा धोका शिल्लक राहतोच. मातीचा गौरव करता करता मातीवर राबणारा हात पुन्हा अनामिक होतो.

६

घडवलेल्या स्त्रीरूपाला भोळेपणाची अट असतेच असे नाही, याचे एक प्रमाण खान्देशातच उपलब्ध आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार परिसरात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला डोळे, नथ, दागिने चढवून घरातच देवी साकारते. रात्र गाण्यांनी जागते, रोटांचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी नदीवर विसर्जन होते. येथेही स्त्रीरूप हातांनी घडते, त्याचे सुटे भाग जुळवले जातात. पण घडवणारे हात घराचे, सामुदायिक असतात, गाणी बायकांची असतात, आणि घडलेल्या रूपाला शक्ती दिली जाते ती जाणत्या देवतेची. सेंबेइच्या कार्यशाळेत एकट्या पुरुषाने केलेली मुलगी आणि अंगणात अनेकींनी सजवलेली कानबाई यांतला भेद यंत्र आणि श्रद्धा यांच्यातला नाही. घडवणारा घडलेल्याकडून काय अपेक्षितो, या प्रश्नावर तो उभा आहे. एकाला खेळणे हवे असते, दुसऱ्याला साक्षी.

यावरून अरालेचे मोल कमी होते असे नाही. वीरगाथेची पोकळी दाखवून देण्याचे तिचे कार्य अबाधित आहे, आणि १ मार्च २०२४ रोजी तोरियामांच्या निधनानंतरही तिच्या वाचकांत खंड पडलेला नाही. परंतु तिच्यावर हसताना वाचकाने आपण कशाच्या आधारे निर्धास्त आहोत हे विचारणे आवश्यक आहे. समीक्षेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तातडीचा आहे, कारण विनोदी चित्रकथेला भोळेपणा ही युक्ती म्हणून शोभते. समीक्षेला तो निकष म्हणून शोभत नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ज्या नावाने आता पदव्या दिल्या जातात, त्या नावामागची कवयित्री 'असूनही' या अव्ययाच्या आधाराने वाचली जात राहिली, तर तो गौरव अपुराच ठरेल. सामर्थ्याचे वर्णन करताना ते जाणते होते असे गृहीत धरून आरंभ करणे, आणि तसे नसल्यास त्याचा पुरावा संहितेतून मागणे, एवढा बदल मराठी समीक्षेने केला तरी बहिणाबाईंच्या गाण्यांतील बराचसा न वाचलेला भाग वाचनाच्या कक्षेत येईल.